दर चवथीला त्याच जागी गंज: जुनी ओम्नी कॅम्पर करताना

लक्षण आधी सांगतो. गाडी २००१ ची मारुती ओम्नी, आत झोपता येईल अशी कॅम्पर करायला घेतलेली, राहणं गोव्यातल्या चोडण बेटावर. पुढचं दार आणि सरकतं दार यांच्यामधला जो खांब आहे, त्याच्या पायथ्याशी, चालकाच्या बाजूला, रंगाखाली फोड येतो. सांजावाच्या, म्हणजे जूनअखेरच्या सणाच्या, सुमारास मसुराएवढा, श्रावणात बोराएवढा, आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, बोट लावलं की पत्र्याचा पापड मोडतो. दिवाळीनंतर घासायचं, प्रायमर, रंग, गाडी चकाचक. पुढच्या चवथीला पुन्हा तीच जागा, एक इंचही इकडेतिकडे नाही. तीन वर्षं हेच चाललं होतं.

तुमच्याकडे ओम्नी नसून मॅटाडोर किंवा टेम्पो ट्रॅव्हलर असली तरी वाचा. पत्रा जाड-पातळ असेल, खांब वेगळे असतील, पण पाणी सगळीकडे वरून खालीच येतं.

पहिल्या वर्षी मी पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइड, म्हणजे तांबडा प्रायमर, मारला आणि वर डब्यातला पांढरा रंग. साध्या रेड ऑक्साइडचा थर सच्छिद्र असतो. वर चांगला रंग नसेल तर तो ओल धरतो. दुसऱ्या वर्षी भोक पडलं होतं, ते पुट्टीने भरलं. पुट्टीही पाणी पिते. मागून ओल लागली की ती आतल्या आत पत्र्याला चिकटवून ठेवते, म्हणजे जखमेवर ओलं फडकं बांधल्यासारखं. तिसऱ्या वर्षी मला अक्कल आली असं वाटलं. पाणी काचेतून येतंय म्हणून काचेच्या रबराभोवती आणि खांबाच्या सांध्यावर मी सिलिकॉनची अख्खी नळी रिकामी केली. हार्डवेअरच्या दुकानातलं स्वस्त सिलिकॉन, ज्याला लावताना व्हिनेगरचा वास येतो. तो वास अॅसिटिक आम्लाचाच असतो. सुकताना ते आम्ल सुटतं आणि उघड्या लोखंडाला गंजवतं. बाथरूमच्या फरशीला ठीक आहे, गाडीच्या पत्र्याला नाही. त्या वर्षी गंज खालून तर आलाच, वरूनही आला.

मग म्हापशाला एका मेस्ताकडे, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराकडे, गाडी नेली. त्याने फोडाकडे पाहिलंही नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खांब वरपासून खालपर्यंत ठोकत आला, वर टण टण, खाली भद. म्हणाला, "बाब, हें भितरल्यान कुसलां." तीन वर्षं मी बाहेरून घासत होतो ते आतून कुजत होतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो फुगून रंग वर उचलतो. फोड दिसला म्हणजे मागची बाजू आधीच संपत आली आहे असं धरून चालावं.

तेव्हा घासण्याआधी शोधायचं ते पाणी. गंज नंतर.

पाणी कुठून येतंय

सगळ्यात आधी गाडी आतून नागडी करा. सीट, रबरी मॅट, त्याखालचा नमदा, दारांची कव्हरं, छताचं कापड, सगळं बाहेर. याला पैसे लागत नाहीत, एक रविवार लागतो. माझ्या गाडीत मॅट वरून कोरडी ठणठणीत आणि खालचा नमदा पिळला तर पाणी निघेल असा होता. तेही फेब्रुवारीत!

गोव्यात एक अडचण खास आहे. इथली माती लाल आहे ती लोहाच्या ऑक्साइडमुळेच, आणि गंजही तोच रंग घेऊन येतो. चाकाच्या कमानीत बसलेला तांबडा थर माती आहे की कुजलेला पत्रा, हे नजरेने कळत नाही. पाण्याने धुवा, वायर ब्रश मारा, मग ठोका. पुट्टी कुठे लपली आहे ते पाहायला रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे आधीच्या मालकाने काहीतरी झाकलेलं आहे. माझ्या गाडीत मागच्या कमानीवर तळहाताएवढ्या जागेत चुंबक घसरून पडत होतं.

आता नळीची परीक्षा. दोन माणसं लागतात. एक आत बॅटरी घेऊन, एक बाहेर बागेची नळी घेऊन. आत सांध्यांखाली टाल्कम पावडर भुरभुरवा; पाण्याची धार आली की पावडरीत रस्ता उमटतो. पाणी साधं सोडायचं, जोराचा फवारा नको, आणि सुरुवात खालून करायची. आधी दाराखालचा भाग, दहा मिनिटं थांबा. मग दाराची कड. मग काचेचं खालचं रबर, मग वरचं. छत सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात: छतावर बादली ओततात, सगळं एकदम भिजतं आणि काहीच कळत नाही.

माझ्याकडे काचेच्या वरपर्यंत येऊनही आत एक थेंब नव्हता. ज्या काचेवर मी सिलिकॉनची नळी संपवली होती ती बिचारी निर्दोष. छताच्या कडेला पावसाचं पाणी वाहून नेणारी जी पन्हळ असते तिच्यात पाणी सोडलं, आणि चौथ्या मिनिटाला खांबाच्या आतून बारीक धार सुरू झाली. पन्हळीतला कारखान्याचा सीलंट सुकून तडकला होता. तडा कुठे? बरोबर जिथे वरच्या कॅरियरचा चिमटा आवळला होता तिथे. तो कॅरियर मीच बसवलेला, वर सोलर पॅनेल ठेवायला.

पाणी पन्हळीतून खांबात, खांबातून दाराखालच्या पेटीसारख्या पोकळ पट्टीत. तिथून ते बाहेर जायला हवं, त्यासाठी कंपनी पट्टीच्या तळाला भोकं ठेवते. मी खाली आडवा होऊन भोकं शोधली तर सापडेनात. वर्षभरापूर्वी गाडी गंजू नये म्हणून मी खालून डांबराचा कोट मारून घेतला होता, पैसे देऊन. त्यात भोकं बुजली. गेल्या पावसाळ्याचं पाणी आत तुंबलेलं. तारेने एक भोक मोकळं केलं तेव्हा चहाच्या रंगाचं पाणी माझ्या शर्टावर आलं.

दारांचंही तेच. वरखाली होणाऱ्या काचेच्या दारात पाणी आत जाणारच, ते चूक नाही. दाराच्या तळाची भोकं उघडी हवीत एवढंच. सरकत्या दाराच्या खालच्या रुळात माती साचते ती जुन्या टूथब्रशने काढत जा.

आणि मीठ

नुसतं पाणी असतं तर गंज इतक्या वेगाने आला नसता. ओम्नी डिचोलीला असलेल्या माझ्या चुलतभावाकडेही आहे, माझ्यापेक्षा जुनी, आणि तिची अवस्था बरी आहे. फरक फेरीबोटीचा, जिने मी बेटावरून येजा करतो. रायबंदरच्या धक्क्यावर भरतीच्या वेळी उतरताना चाकं पाण्यातून जातात. मांडवीचं पाणी पावसाळ्यात जवळजवळ गोडं होतं, पण एप्रिल-मेमध्ये समुद्राचं खारं पाणी नदीत कितीतरी आत चढलेलं असतं. म्हणजे गाडीला मीठ लागतं उन्हाळ्यात, तेव्हा काही दिसत नाही. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, आणि मृगाचा पाऊस सुरू झाला की तेच मीठ त्या पाण्यात विरघळून गंजाला धावतं करतं. आपण पावसाला शिव्या देतो.

म्हणून उन्हाळ्यात फेरीने येजा असेल तर आठवड्यातून एकदा गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायची. सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर पंप लागत नाही. गवताला पाणी मारायचा फिरता फवारा गाडीखाली सरकवून पंधरा मिनिटं चालू ठेवला की काम होतं. किनाऱ्यावर वाळूत गाडी न्यायला तशीही बंदी आहे, तेव्हा तो मोह नको.

दुरुस्ती: कोणत्या क्रमाने

हंगाम महत्त्वाचा. मी जानेवारी-फेब्रुवारी निवडला. तरीही सकाळी पत्र्यावर दव असतं आणि संध्याकाळी वारा खाडीवरून येतो. त्यामुळे रंगाचं काम दहानंतर सुरू, चारला बंद. रंगकामाचा नियम असा आहे की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन जमते त्यापेक्षा, किमान ३ अंश सेल्सिअस जास्त हवं. माझ्याकडे मोजायला काही नव्हतं, मी हाताला पत्रा कोमट लागेपर्यंत थांबायचो. पावसाळ्यात झावळ्यांच्या झापाखाली उभं राहून केलेलं काम टिकत नाही, मी करून पाहिलं आहे.

पन्हळ पहिली. जुना सीलंट खरवडून काढला, खालचा पत्रा घासला, प्रायमर, आणि मग पीयू सीलंट, म्हणजे पॉलियुरेथेनचा, जो काच बसवणारे वापरतात. त्याला आम्लाचा वास नसतो आणि त्यावर रंगही बसतो. बोट साबणाच्या पाण्यात बुडवून तो पसरवला. कॅरियरच्या चिमट्यांखाली आता रबराच्या पट्ट्या आहेत. एवढं झाल्यावर पुन्हा नळीची परीक्षा. आत पावडर कोरडी राहिली, तेव्हाच ग्राइंडर हातात घेतला.

कुजलेला भाग मेस्ताने कापला. मी म्हटलं थोडा कमी काप, तो म्हणाला चांगल्या पत्र्याला चांगलाच पत्रा धरतो. निघालेला तुकडा हातभर होता, बाहेर फोड रुपयाएवढा. नवा पत्रा २० गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिमी, आणि वेल्डिंग सीओटूचं (वायूच्या आवरणात बारीक तारेने होतं ते), एका रेषेत न ओढता ठिपके ठिपके देत, एक इथे तर पुढचा तिकडे, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. साध्या रॉडच्या वेल्डिंगने एवढ्या पातळ पत्र्याला भोकं पडतात. ओम्नीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते, त्यामुळे सीटबेल्टच्या, स्प्रिंगच्या पाट्यांच्या किंवा सस्पेन्शनच्या जोडांजवळ फायबर, पॉप रिव्हेट, पुट्टी यांपैकी काहीही चालणार नाही. तिथे पैसे वाचवायचे असतील तर गाडीच घेऊ नका.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार काढा. पेट्रोलची टाकी जवळ असेल तर ती उतरवून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ असते. गॅस किट असेल तर वेल्डर ते आधी काढल्याशिवाय हात लावणार नाही, लावला तर दुसरा वेल्डर बघा. आत फोम, कापड काही राहू देऊ नका आणि बाजूला वाळूच्या दोन बादल्या ठेवा.

उरलेल्या गंजाकडे आता येऊ. कापण्याइतका नाही पण घासूनही खड्ड्यांत काळा राहतो असा जो असतो, त्याच्या खड्ड्यात मीठ बसलेलं असतं. त्याची एक फुकटची तपासणी आहे. पत्रा लख्ख घासा, गोड्या पाण्याने धुवा, वाळवा आणि रात्रभर उघडा ठेवा. सकाळी जिथे जिथे सुईच्या टोकाएवढे काळे-तांबूस ठिपके उमटले असतील तिथे मीठ अजून आहे. पुन्हा धुवा, ब्रश मारा, पुन्हा रात्र. मला तीन रात्री लागल्या. शेजारी विचारायचे, रोज तेच काय धुता?

मग रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेल्या गंजाला घट्ट थरात बदलणारं रसायन. बाजारात दोन तऱ्हेचे मिळतात, फॉस्फरिक आम्लाचे आणि टॅनिक आम्लाचे. टॅनिनचा लावला की तांबूस गंज निळसर काळा होतो. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई करत, तिथेही हीच रासायनिक क्रिया. ते वाचून मी हिरड्याचा काढा करून एका जुन्या फावड्यावर लावून पाहिला. काळं झालं, मजा आली, पण गाडीवर तो प्रयोग करू नका, त्याचा थर काही टिकत नाही. कन्व्हर्टर फक्त पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजावर चालतो. पापुद्रे सुटत असतील तर वरचा थर काळा होतो आणि खालचा आपलं काम चालू ठेवतो. फॉस्फरिकवाला वापरलात तर डब्यावर लिहिल्याप्रमाणे तो धुऊन, नीट वाळवूनच पुढे जा, कारण आम्लाचा अंश राहिला तर त्यावर पुढचा एपॉक्सी प्रायमर धरत नाही.

एपॉक्सी प्रायमर दोन डब्यांचा घ्या, मिसळून वापरायचा. रेड ऑक्साइडच्या तिप्पट पैसे गेले माझे, आणि एवढीच खरेदी आहे जिचा मला क्षणभरही पश्चात्ताप नाही. पुट्टी लागलीच तर एपॉक्सीच्या वर, कधीही उघड्या पत्र्यावर नाही. सांध्यांवर सीलंट, मग रंग. रंग मी ब्रशनेच मारला. जवळून ओरखडे दिसतात. लांबून कोण बघतंय.

वेल्डिंगची मागची बाजू विसरू नका. बाहेरून सुंदर रंग आणि आत जळून उघडा पडलेला पत्रा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या फोडाची सोय. तिथे ब्रश पोचत नाही. पोकळीत मारायचं तयार मेण मिळतं, ते महाग वाटलं म्हणून मी नव्या गिअर ऑइलमध्ये ग्रीस कालवून, डबा उन्हात ठेवून पातळ केलं आणि औषध फवारायच्या हातपंपाला लांब नळी लावून भोकांतून आत मारलं. दोन दिवस ठिबकत होतं, खाली पत्रावळी ठेवल्या. जळलेलं ऑइल मारायची आपल्याकडे जुनी रीत आहे, पण त्यात आम्लं आणि धातूचा कीस असतो, ते रबरी बुश फुगवतं आणि ठिबकून शेवटी आपल्याच विहिरीकडे जातं. नवं असो की जुनं, ब्रेकच्या डिस्कला आणि ड्रमला त्याचा शिंतोडाही नको. डांबराचा कोट? जिथे आहे तिथे राहू द्या, भोकं तेवढी मोकळी करा. नव्याने मारू नका, डांबराला चीर गेली की तिच्यामागे पाणी बसतं आणि दिसतही नाही.

कॅम्पर केल्यावर येणारा नवा गंज

वर सगळं झालं आणि गाडीत बिछाना टाकून आम्ही दोघं केरीला तेरेखोलच्या तोंडाशी एक रात्र झोपलो. सकाळी छतातून थेंब! माझा जीव गेला. पाऊस नव्हता, मग पाणी कुठलं? आमचंच. एक माणूस रात्रभरात श्वास आणि घामातून पेलाभर पाणी हवेत सोडतो. त्यात रात्री चहा केला होता. स्वयंपाकाचा १ किलो गॅस जळला की साधारण दीड किलो पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, हे गणित मला शाळेत शिकवलं होतं, कामाला आता आलं. ती वाफ थंड पत्र्यावर जमते आणि खाली उतरते, त्याच पट्टीत.

गळती की दव, हे ओळखायला संशयाच्या जागी प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा. सकाळी खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर दव, प्लॅस्टिकच्या मागे असतील तर गळती. उपाय स्वस्त आहे: समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या, डासांची जाळी लावून, आणि चूल गाडीबाहेर. बंद गाडीत गॅस पेटवणं गुदमरण्याच्या दृष्टीनेही वाईटच. उष्णतेसाठी आतून काही लावायचं असेल तर काचलोकर किंवा थर्माकोलचे तुकडे कोंबू नका. एक्सएलपीई फोम (पाणी न पिणारा पॉलिथीनचा फोम) पूर्ण चिकटवून लावा, मध्ये पोकळी न ठेवता, आणि खालची वीतभर जागा उघडी सोडा म्हणजे पाणी आलं तर दिसेल.

फळ्या बसवायला पत्र्यात नवी भोकं पाडू नका. सीटच्या बोल्टच्या जागा तयार आहेत, मी बिछान्याची चौकट त्यांनाच आवळली. ती दोन पान्यांत सुटते. याचा दुसरा फायदा आरटीओत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही, आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करायला गाडी दाखवावी लागते. जागा कायमच्या काढायच्या किंवा गाडीचा रंग बदलायचा असेल तर आधी विचारून घ्या.

पैशांचं सांगायचं तर मी २० हजार ठरवले होते, २३ हजार ४०० झाले. त्यातले निम्म्याहून जास्त मेस्ताचे, आणि ते वाजवी होते. उघडणं, घासणं, धुणं, रंग हे सगळं घरचं. पहिल्या तीन वर्षांत जे वाया घालवले त्यांचा हिशेब मी केला नाही, बायकोने केला आहे.

आता मे महिन्यात घरात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरताना गाडीचंही थोडं पुरुमेंत होतं. सायकलच्या चाकाची तार घेऊन सगळी भोकं टोचायची, पन्हळीतली आंब्याची पानं काढायची, खालून धुवायचं, पोकळीत एकदा ऑइलचा फवारा. अर्धा दिवस.

या चवथीला त्या खांबाच्या पायथ्याशी मी बोटाने, मग नखाने, मग स्क्रूड्रायव्हरने दाबून पाहिलं. टण. मागच्या दाराच्या तळाला मात्र, नंबरप्लेटच्या डाव्या अंगाला, दोन बारीक फोड दिसले. पॉलिश पेपर आणायला गेलो नाही. दार उचलून तळाची भोकं पाहिली, तीनपैकी एक मीच मारलेल्या रंगाने बुजलेलं होतं. तार घातली, कपभर पाणी आलं.